भूतरामनहट्टीची बस

हजेरीला तू नुसतं 'अडिवेश' म्हणायचास,
सर मुद्दाम सगळं वाचायचे:
अडिवेप्पा शिवलिंगप्पा मुगळी.
मागच्या बाकावर हसू फुटायचं
आणि तुझे कान लाल.
मी वहीच्या शेवटच्या पानावर
ते अख्खं नाव लिहून पाहिलं, देवनागरीत.
बारा अक्षरं.
माझ्या एका ओळीत मावली.

मी वडगावची. मागाच्या खडखडाटात अभ्यास केलेली,
फार शांत असलं की मला काही सुचत नाही.
तू बैलहोंगलच्या काळ्या मातीतला,
आठवडाभर पुरणाऱ्या कडक भाकऱ्या
आणि शेंगाचटणीचा स्टीलचा डबा.
संख्याशास्त्राच्या लॅबमध्ये दोघांत एक कॅलक्युलेटर.
तुझ्या बोटांनंतर बटणं जरा गरम असायची,
की मलाच तसं वाटायचं,
यावर पुरेसा नमुना गोळा करता आला नाही.

बसच्या पाट्या वाचायला तूच शिकवलंस.
रोज दोन अक्षरं, घाम आलेल्या काचेवर बोटानं.
'ळ'पाशी थांबलास.
"हा तुमच्यात पण आहे की!"
लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरचा माणूस
लांबचा भाऊ निघावा, तसा आनंदलास.

एक नोव्हेंबरला विद्यापीठ बंद.
दादाच्या दंडावर काळी फीत,
आईनं टाचणी लावून दिलेली.
तू चन्नम्मा सर्कलला, होस्टेलच्या पोरांत,
गळ्यात लाल-पिवळा पंचा, नाचत.
(मी पाहिलं नाही. तुझ्या स्टेटसला होतं.)
दुपारी तीनला तुझा मेसेज: जेवलीस?
माझा, त्याच मिनिटाला: ऊट आतेन?
दोघांनी दुसऱ्याच्या भाषेत विचारलं
आणि दोघांनी खोटंच सांगितलं,
हो म्हणून.

एकदा काकतीच्या चढावर
मी तुला व्याकरण सांगत बसले.
तुमच्यात 'ननग बेकु', आमच्यात 'मला पायजे'.
बघ, करणारं कुणी नाहीच यात.
ताप येतो, भूक लागते,
तसं हे बाहेरून येऊन बसतं माणसावर,
त्याची काही चूक नसते.
तू नीट ऐकलंस. मग म्हणालास,
"बरं. काय पायजे?"
मी म्हटलं, खिडकी.
तू लगेच उठून जागा दिलीस.
मूर्खा.

निकालानंतर तुला कलबुर्गीत बँक लागली.
सीबीटीवर पत्र्याची ट्रंक टपावर चढवताना
तुझा शर्ट काखेत उसवला, मला दिसलं,
सुईदोरा पर्समध्ये होता. विणकराची मुलगी मी.
काढला नाही.
तुमच्याकडंही निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही.
'बरतेनि' म्हणालास.
येतो.
इकडचे, तिकडचे, जाणारे सगळे येतो म्हणतात,
एवढ्या एका गोष्टीवर
या जिल्ह्यात कधी मोर्चा निघाला नाही.

बस वळली तेव्हा पाटी पुरी वाचली मी,
यरगट्टी, लोकापूर, बागलकोट,
एकदाही न अडखळता.
सांगायला तू नव्हतास शेजारी.

घरी दादानं विचारलं, एवढा उशीर?
मागावर धागा तुटला होता. तो जोडत
म्हटलं, बस चुकली.