किरकोळ

फॉर्मवर रकाना होता : रिटेलमधला अनुभव, वर्षे.
मी पेन टेकवलं आणि थांबले.
मारुती रोडच्या मागच्या बोळात
साडेनऊ फुटी दुकान, मगदूम किराणा व भुसार,
तिथल्या पोत्यांवरचे आकडे गिरवत मी अंक शिकले.
लिहिलं : नाही.

विश्रामबागेतल्या काचेच्या इमारतीत
पहिले तीन दिवस ट्रेनिंग.
पुण्याहून आलेला तावरे, गळ्यात पट्टा,
पडद्यावर एकेक शब्द लावायचा.
फुटफॉल : दारातून आत आलेली माणसं,
घेवोत न घेवोत.
आमच्याकडं याला नुसती वर्दळ म्हणायचे,
आणि न घेता परतणाऱ्याला आण्णा हाक मारायचे,
"का हो, भाव लागला का बोलणं?"

श्रिंकेज : वहीत असलेला आणि फळीवर नसलेला माल.
उंदीर, मुंग्या, गळकं पोतं, चोरी.
आण्णांच्या वहीत हा रकाना होता. घट.
रोज दिवे लागायच्या वेळी
हमालाच्या सत्तूचा हात
गुळाच्या ढेपेपाशी यायचा,
तेव्हा आण्णा
तागडीची दांडी पुसत बसायचे.
महिन्याला सव्वा किलो घट.
सत्तू एसटीत कंडक्टर झाला
तरी आकडा तोच राहिला,
कुणाचं तरी धाकटं येतच होतं.

तावरे म्हणाला, डोळ्यांच्या उंचीला महाग माल,
गुडघ्याशी स्वस्त.
आण्णांच्या बरण्या आईच्या हाताला येतील तशा,
हळदीचं पोतं मात्र दारात.
सांगलीत हळद कोण घेतंय, आई म्हणायची,
वखारभागात नाक धरून चालावं लागतंय.
ते म्हणायचे, विकायला न्हाई, वासाला.

घाऊकवाला, अडत्या, मग आम्ही :
पोतं फोडून किलो, किलो फोडून पाव,
पाव फोडून पाच रुपयांची पुडी.
याला म्हणतात किरकोळ विक्री.
हाच शब्द डॉक्टरनं आण्णांच्या छातीतल्या कळेला वापरला,
हाच बँकेच्या साहेबानं अर्ज परत सरकवताना.

मार्चात आण्णा मॉल बघायला आले.
पिशवी बाहेर ठेवा, वॉचमन म्हणाला.
त्यांनी घडी घालून दिली
आणि बिल्ला खिशात जपला,
जांगड माल घेतल्यासारखा.
तांदळात हात घालायला गेले, प्लास्टिक लागलं.
किमतीची एक वाकडी चिठ्ठी सरळ केली.
'एकावर एक मोफत'पुढं बराच वेळ उभे,
कुणाच्या खिशातनं, ते शोधत.
शेजारचं काउंटर रिकामं असून
माझ्याच रांगेत लागले.
अर्धा किलो गूळ, खोक्यातला.

मशीननं टीं केलं.
मी विचारलं, कारण विचारावंच लागतं,
मागं सुपरवायझर, वर कॅमेरा :
"मोबाईल नंबर सांगा, सर."
आण्णा बघत राहिले.
"माझा नंबर तुला पाठ हाय की गं."
मागच्या बाईनं ट्रॉली थोडी पुढं ढकलली.
मी नंबर टाकला. सहा पॉइंट जमा.
"सहाचं काय करायचं?"
"साठवायचे."
"आणि ह्यावर वाईच?"
त्यांनी चिमटीत धरून दाखवला
मापावरचा तो वरचा दाणा,
ज्याला तावरेच्या पडद्यावर शब्द नव्हता.
माझ्याजवळ द्यायला बिल होतं. तेच दिलं.

काचेतून दिसलं :
बाहेर त्यांनी खोकं फोडलं,
बिल्ला देऊन पिशवी घेतली,
आणि खडा मोडून वॉचमनच्या तळहातावर ठेवला.
तो कॅमेऱ्याकडं पाठ करून चघळत राहिला.

दुकान अजून उघडतं, साडेदहाला.
रात्री मी वही चाळली. घटीच्या रकान्यात,
त्यांच्या मुंगीएवढ्या अक्षरात :
गूळ, वीस ग्रॅम, विश्रामबाग.