चौकोनी की गोल

भवानी पेठेत ओसवालांच्या गाळ्यात
पाइप किलोवर मिळतात, भाजीसारखे.
"जिन्याचं रेलिंग का, ताई? की टेरेसची शेड?"
"गाडी," मी म्हटलं. "गाडीचा सांगाडा."
त्यांनी काट्यावरचा हात काढला
आणि चहा मागवला.

पंचवीसचा चौकोनी, जाडी एक पॉइंट सहा:
सहा मीटरला सात किलो.
तेवढाच गोल: साडेपाच.
दीड किलोचा फरक पावतीमागे लिहून
चौदा नळ्यांनी गुणला,
एकवीस आले.
म्हणजे साधारण माझी भाची, दप्तरासकट.

गोल नळीचं म्हणणं खरंच आहे.
पिळून बघा, सगळीकडून सारखंच नाही म्हणते.
पण दोघींना एकमेकींना भेटवायचं
तर एकीचं तोंड माशासारखं कोरावं लागतं,
दर सांध्याला वेगळ्या कोनात,
आणि नखभर फट राहिली
की वेल्डिंगला भोक पडलंच.

चौकोनी बिचारी सरळ.
कापा, गुण्यात धरा, डाग द्या.
टेबलावरून घरंगळत नाही,
पत्रा तिच्या पाठीवर सपाट बसतो.

बावीस वर्षं भोसरीत मी दुसऱ्यांचे जिग काढले,
आधी बोर्डावर, मग पडद्यावर.
स्वतःसाठी काढताना गोलच काढली.
सगळे कोन, दशांशासह.
कागदाला कानस लागत नाही.

धायरीच्या शेडमध्ये जैनुद्दीन मुजावरांनी
ड्रॉइंग डोळ्याशी नेलं, लांब धरलं, परत जवळ.
"शंभरेक मासे आहेत, बाई.
करतो की.
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे,
तोवर डाव्यानं करतो."
हा माणूस कशालाच नाही म्हणत नाही,
हीच त्याची अडचण.

त्या रात्री पावणेदोनपर्यंत मी त्रिकोण मोजत बसले.
त्रिकोण नीट पडले तर नळीला
ओढणं नि दाबणं एवढंच उरतं,
पिळायची वेळ फारशी येत नाही.
हे मला कॉलेजातही माहीत होतं.
एकवीस किलो जास्त, तर जास्त.
भंगारातून आणलेलं इंजिन
कात्रजच्या चढावर थोडं कुरकुरेल.
मीही कुरकुरते चढावर.

सकाळी ओसवालांना फोन केला: चौदा, चौकोनी.
"आणि ताई, गोल?"
"एक. जाड भिंतीची."

ती डोक्यामागची कमान.
चिंचवडच्या बेंडरवाल्यानं एका दमात वाकवली,
मधे सांधा नाही.
मागून येणारे दोन टेकू तिला जिथे भिडतात
ते दोन मासे मात्र मी कोरले.
दोन रविवार गेले, एक कानस गेली,
अंगठ्याचं नख अजून काळं आहे.

डावा बरा जमलाय.
उजव्यात उजेड दिसतो, केसाएवढा.
मुजावर त्याच्यावरून बोट फिरवतात,
काच खाली ओढतात,
काही बोलत नाहीत,
आणि मला म्हणतात, तिकडे बघा.