सातव्या मंडईचं पान

दिवाळीआधीच लिहून ठेवलं होतं सगळं,
उधारीच्या वहीत, मागच्या बाजूनं.
सात गावं, सात मंडया, सात कुस्त्या.
पहिलीत वाघ जिंकेल. दुसरीत नकाबवाला
पाठीमागून खुर्ची घालेल. तिसरीत रक्त:
बिटाचा रस, फुग्यात, केसांच्या आत.
आणि सातवीत नकाब फाटेल,
आतून निघेल वाघाचाच धाकटा भाऊ.
त्याखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.
शेजारी लिहिलं होतं, इथं बायका रडतील.

चौथ्या गावी टिकारामला फोन आला.
बुटीबोरीला गार्डची जागा, उद्याच हजर व्हा.
सकाळी सहाच्या गाडीनं गेला वाघ.
पिवळी चड्डी धुऊन, पिळून,
राइस मिलच्या तारेवर वाळत घालून गेला.
त्याचं तरी काय चुकलं.
वाघाला रोजचे चारशे,
मंडया संपल्या की तेही नाहीत.

कोंड्याच्या पोत्यावर बसलो वही घेऊन.
वाघाला विष दिलं. खोडलं.
लोकांनी त्याला स्टँडवर चहा पिताना पाहिलंय.
वाघाला वाघानं खाल्लं. खोडलं.
तळ्यापलीकडच्या गावात ते खरंच होतं,
त्यावर तिकीट लावता येत नाही.
वाघ परत येईल.
हे बराच वेळ खोडलं नाही.

अंताराम बाजूला बसून नकाब शिवत होता,
नाकापाशी उसवलेला.
म्हणाला, "आता का करता जी?
मी मारू कोणाले?"

रात्री धान कापलेल्या बांधीत रिंगण,
गादीखाली तणस, हॅलोजनभोवती किडे,
धुऱ्यावर सिंगाडे सोलत बसलेली माणसं.
अंताराम आत गेला, छाती बडवली,
पाटलापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना शिव्या दिल्या.
मग थांबला. ठरलेलं संपलं होतं.
माझ्या हातात माईक, माईकात नुसती घरघर.
एक पोरगं ओरडलं, "वाघ कोटी गेला?"
नकाबाच्या दोन भोकांतून अंतारामनं माझ्याकडं पाहिलं
आणि स्वतःच गाठ सोडली.

आतून कुणाचा भाऊ निघाला नाही.
निघाला अंताराम मडावी,
दरवर्षी याच गावात धान चुरायला येणारा.
"अरे, हा तं आपला मशीनवाला!"
आधी हसले. मग एक म्हातारी उठली,
"कोणीच लढत नाई का बापा, तुह्यासंगं?"

मी चष्मा खिशात घातला.
माईक पोंगेवाल्याच्या पोराकडं दिला.
नकाब अजून त्याच्या घामानं ओला होता,
तोंडाशी चिमटीएवढा लहान.
त्या रात्री मला तीनदा आपटलं.
पाचव्या गावी पाच वेळा.
आतून अर्धीच गर्दी दिसते, हे वहीत नव्हतं.

सातव्या मंडईला टिकाराम आला,
निळ्या वर्दीतच, तिकीट काढून,
पोरांच्या रांगेत बसला.
मध्ये पाण्याची बाटली घेऊन मागं आला.
"मास्तर, त्या भावाचं का झालं?"
"वहीत आहे अजून."
"आन् आजचा शेवट?"
बरगडी दुखत होती. घंटा झाली.

अंताराम दोरापाशी उभा, हात वर,
लोक त्याला खऱ्या नावानं हाका मारत होते.
पिवळी चड्डी बाजूंनी उसवून
दोन बोटं वाढवून घेतली होती मी त्याच्यासाठी.
टिकारामनं ती पाहिली.
बोलला नाही काही.
मग सगळ्यांच्या आधी
त्यानंच शिट्टी वाजवली.