हातचा

दुपारी तीनला, बोट परतल्यावर,
पेर्पेतुआबाई दुकानात आल्या.
चपला दाराशी काढल्या, सवयीनं,
आणि म्हणाल्या, मला पाय दाखव.

पाय म्हणजे फिन्स. बाई कशालाही
सरळ नावानं हाक मारत नाहीत.
वर्गात मला त्या 'मागचा बाक' म्हणायच्या.
एकतीस वर्षं दाउइनच्या पोरांना गणित शिकवलं,
समोर अपो बेट, मागे डोंगर,
आणि समुद्राचा पाहिला फक्त वरचा पापुद्रा.

त्यांची नजर हिरव्या जोडीवर.
लांब, चकचकीत, कुणी पाहुणा विसरून गेलेला.
सगळ्यांना तीच हवी असते.
लांब पातं म्हणजे जोर जास्त ना?
जोर मांडीचा असतो, बाई.
पातं नुसतं उधारीवर देतं
आणि पोटरीत पेटका आणून वसूल करतं.

ही घ्या. काळं रबर, आखूड, जुनाट.
आधी बूट ओले करा, मग पाय घाला.
टाच उचलून बघा, निसटते?
अंगठा दुमडतोय?
अंथरूण पाहून पाय पसरतात,
इथे पाय पाहून अंथरूण.
आणि उठू नका! फिन्स घालून चालणारं माणूस
हे देवानं अर्धवट सोडलेलं काम आहे.
चालायचंच तर उलटं, समुद्राकडे पाठ करून.

माझ्या बापाच्या फिन्स प्लायवुडच्या होत्या.
ट्यूबचा पट्टा, मुडपलेले खिळे,
उजवी डावीपेक्षा चार बोटं लांब,
कारण फळी तेवढीच उरली होती.
त्यामुळे पाण्यात तो जन्मभर
जरासा डावीकडे वळत गेला.
लोक म्हणायचे, क्रिसांतोला माशांची खबर असते.

पाच मीटरवर बाईंनी सायकल सुरू केली.
गुडघे पोटाशी, पात्यांची फडफड,
आणि तळाची काळी वाळू
चुलीच्या धुरासारखी वर आली.
त्या धुरात बेडूकमासा गेला,
घोडमासा गेला, माझा हात गेला,
शेवटी बाईही गेल्या.
पट्टा चाचपून मी त्यांना वर आणलं.

लाथ मारीन तिथं पाणी काढीन,
ही ऐट जमिनीवरची, मी म्हटलं.
इथे पाणी आधीच आहे.
गुडघे वाकवा, तळवे आभाळाकडे.
आता बाजूला उघडा, बेडकासारखे,
आणि टाळी द्यायला निघाल्यासारखे जवळ आणा,
पण टाळी देऊ नका.
मग?
मग काही नाही. थांबायचं.
काहीच नाही?
तीन मोजायचे. आपोआप सरकता तुम्ही.

बाई लाटेवर डुलत राहिल्या,
मास्क कपाळावर, नाकाखाली मिठाची रेघ.
फळ्यासमोर पाहायच्या तशा पाहिल्या.
म्हणजे हातचा, त्या म्हणाल्या.
या लाथेतला एक
पुढच्या बेरजेत धरायचा.
चौथीत मी हातचा विसरायचे,
प्रत्येक उत्तर दहानं कमी.
बाईंना आठवत असणार. बोलल्या नाहीत.

दुसऱ्यांदा उतरलो.
लाथ. एक, दोन, तीन.
पोटाखाली वीतभर काळी वाळू
आणि तिचा एक कण हलला नाही.
बिळाच्या तोंडाशी कोळंबी
खडे बाहेर ढकलत होती, ढकलतच राहिली.
बाईंची सावली तिच्यावरून गेली
तरी राखणीचा मासा आत पळाला नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं,
बाई जरा डावीकडे चालल्यात.
फिन्स सारख्याच होत्या, मी दोनदा मापल्या होत्या.
असेल उजव्या कमरेत जोर,
इतकी वर्षं त्याच पायावर भार देऊन
फळ्यापाशी उभं राहिल्याचा.
हातानं दिशा दाखवता आली असती.
नाही दाखवली. मागे गेले.

किनाऱ्यावर, कपाटासारखी टाकी उतरवून,
त्यांनी किंमत विचारली.
मी सांगितली.
डावीकडे ओढतात, बाई म्हणाल्या,
काहीतरी कमी कर.