तेरावा महिना

माझ्या भाषेत तेरावा महिना
येतो तो दुष्काळातच येतो.
इथे, गोज्जामच्या पठारावर, तो दरवर्षी येतो:
पाच दिवसांचा, कधी सहा,
बाजारातून परतताना मुठीत उरलेल्या
सुट्या नाण्यांसारखा.
त्याचं नाव पागुमे.
लोक पहाटे नदीवर जातात, अंग घासून धुतात.
वर्ष बदलण्याआधी माणसानं स्वच्छ व्हावं,
एवढीच त्या महिन्याची अपेक्षा.

अरेगाश टेफ विकते.
बसथांब्यामागे तिसरं दुकान, निळं दार.
भिंतीवर देवदूत मिखाएल,
एका हातात तलवार, दुसऱ्यात तराजू;
बरोबर त्याच्याखाली तिचा तराजू.
अकरा वर्षं दोघं एका भिंतीला,
नजरेला नजर न देता.

किलोचं वजन वडिलांचं.
उलटं केलं की पोटात खळगा.
शिसं असायचं तिथं मेण आणि काजळी.
साठ ग्रॅम.
गिऱ्हाइकाच्या हाताला कळू नयेत इतके,
आणि वर्षभरात मुलीच्या वह्या, बूट
निघावेत इतके.
ते तिनं पोखरलं नव्हतं.
ती फक्त रोज सकाळी पुसून पारड्यात ठेवायची.
पाप मापात आहे, म्हणायची, माझ्यात नाही.
आणि रविवारी पांढरी नेतेला पांघरून
अनवाणी उभी राहायची,
खऱ्या तागडीबद्दल पुजारी बोलला की
सगळ्यांत मोठा आमेन तिचा.

पागुमेच्या पहिल्या दिवशी तिनं दुकान धुतलं.
दुसऱ्या दिवशी शेजारणीची टोपली परत केली,
दोन वर्षं राहिलेली.
तिसऱ्या दिवशी सरत्या पावसात उभी राहिली,
त्या दिवशीचं पाणी पवित्र म्हणतात.
चौथ्या दिवशी नणंदेला फोन.
पाचव्या दिवशी
करण्यासारखं सोपं काही उरलं नाही,
तेव्हा वजन उरलं.

यंदा सहावा दिवस होता.
नसता तर काय झालं असतं
हे मी तिला विचारलं नाही.

शिसं वडिलांनी टाकलं नव्हतं.
मिठाच्या जुन्या डबीत, फडक्यात गुंडाळून,
माळ्यावर.
परत घालू कधीतरी, म्हणून?
तिनं ते फुटक्या पळीत वितळवलं,
अंगणातल्या शेगडीवर.
क्षणभर ते आरशासारखं झालं.
तिनं त्यात पाहिलं नाही,
घाईघाईनं ओतलं.

नव्या वर्षाची सकाळ.
पोरी पिवळी फुलं घेऊन दारोदार फिरत होत्या,
आदल्या रात्रीच्या मशालींची राख
अजून रस्त्यात.
पहिलं गिऱ्हाईक म्हातारी बिरकेनेश,
दोन किलो, नेहमीसारखे.
पिशवी उचलली, थांबली.
पुन्हा उचलली.
म्हणाली, जास्त घातलंस पोरी,
सणाचा दिवस आहे, तुझं नुकसान नको.
आणि पिशवीत हात घालून
मूठभर टेफ काढलं, पारड्यात ठेवलं.

अकरा वर्षांत तिचा हात
खोटा किलो शिकला होता.

वजन दुरुस्त करायला पळीभर आग लागली होती.
आता जे लागणार होतं
ते कुठल्याच डबीत ठेवलेलं नव्हतं.
नाही आई, अरेगाश म्हणाली,
आज बरोबर आहे.
आणि मग, दाराकडे बघत,
आजवर कमी होतं.
किती, तेही सांगितलं.
किती वर्षं, तेही.

बिरकेनेश काही वेळ उभी राहिली.
शिवी दिली नाही, क्षमाही केली नाही.
मला वाटायचं, म्हणाली,
माझे इंजेरे लहान होत चाललेत,
वय झालं,
पीठ कालवताना हातच आखडतोय.

ती मूठ पारड्यातून उचलून
तिनं पुन्हा पिशवीत टाकली,
एक दाणाही न सांडता,
आणि गेली.

दारात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं.