एकवर गप्प

कॅसेट घेतली सीताबर्डीच्या फुटपाथवर, रविवारी,
चार रुपयांत. कव्हर अर्धं फाटलेलं.
उरलं होतं 'हवाना' एवढंच,
आणि बेस धरून उभ्या कुणाचा तरी डावा खांदा.

हेमराज टेंभुर्णे तेव्हा मोतीबागेत फिटर,
रात्री आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार.
बेसकडे कोण बघतं?
लोक गाणारणीच्या साडीकडे बघतात,
फार तर माझ्या तुंब्याकडे, कारण मी घामाघूम असतो.

मे महिना. गड्डीगोदामच्या खोलीत धडधडता कूलर,
वाळ्याचा ओला वास,
आणि टेपमधला माणूस एकवर वाजवतच नव्हता.
रिवाइंडचं बटण मोडलेलं. पेन्सिलीनं मागे फिरवलं,
सतरा वेळा तरी.
"चुकून राहिला," मी म्हटलं.
"थांब बे. तो एक आपल्या पायासाठी सोडून राहिला."

चारवर छेडायचं अन् धरून ठेवायचं,
दोन्ही हातांत परात घेतलेलं माणूस
आत येईपर्यंत
दार धरतात तसं.

आमच्या तबल्याच्या गुरुजींनी ऐकलं,
सुपारी थुंकली.
समेला नमस्कार न करणारा हा कोण टिकोजीराव?

अकरा महिन्यांनी, चौदा एप्रिल, इंदोऱ्याचा चौक.
हेमराजनं कोणाला सांगितलं नाही.
गाणं तेच, बाबासाहेबांचं, शब्द तेच,
खालची जमीन तेवढी सरकली.
मी दोन ओळी पडलो, मग सापडलो.
बिडी वळून पाठ वाकलेली जाईबाई गजभिये
खुर्ची सोडून मधोमध आली,
कंबर आधी, पाय मागून.
"काय केलं रे बापा आज?
मले वाटे, कोणी खालून पाय उचलून राहिलं माये."

सायकली ढकलत परत येताना
कमाल चौकात हेमराज म्हणाला,
"तुझा तुंबाबी तिकडचाच आहे बे.
नाव विचारलं कधी त्याले?"
वीस वर्षं बडवत होतो. नव्हतं विचारलं.

त्यानं पुढे नऊ चाली बांधल्या.
कॅसेटांवर नाव गायकाचं, फोटो गायकाचा,
आत घडीच्या कागदावर 'साथसंगत: इतर'.

परवा उमरेडकडे एका हळदीत
कीबोर्डवरचा पोरगा डाव्या हातानं तेच वाजवत होता,
एकवर गप्प, चारवर धरलेलं,
आणि मांडवातल्या बाया थांबतच नव्हत्या.
विचारलं, कुठं शिकलास?
"शिकाचं काय त्याच्यात, काका.
आपल्याकडे पयल्यापासून असंच वाजवतात."

हवानातल्या त्या खांद्याला
उमरेड कोण सांगणार?
मी हेमराजला फोन लावला.
इंजिनांनी त्याचा उजवा कान नेला,
सगळं दोनदा सांगावं लागतं.
"चारवर धरते का पोट्टा?"
धरतो.
"पूर्ण धरते, का घाईनं सोडते?"
जरा घाई करतो, म्हटलं.
"सांगाचं होतं ना मग त्याले,"
हेमराज चिडला,
आणि फोन ठेवून दिला.