पण

अकरा घरं पाहिली आम्ही.
पुढे कनुभाईची ॲक्टिव्हा, मागे आमची रिक्षा,
फतेगंज, प्रतापगंज, समा, परत फतेगंज.
प्रत्येक दारात तो आधी एकटाच आत जायचा
आणि जिन्यात ऐकू यायचं तेवढंच:
"बेन सारी छे, पण…"

मला गुजराती येत नव्हतं.
'पण' कळत होता.
दोन्ही भाषांत तो तसाच,
उंबऱ्यात पाय पसरून बसलेला.
त्याच्या पुढचं वाक्य कनुभाई पायऱ्यांवरच गिळायचा
आणि खाली येऊन म्हणायचा,
इथे पाण्याचा प्रॉब्लेम आहे.

पाचव्या घरानंतर तवोंगाने विचारलं,
या गावात कुणाच्याच घरी पाणी नाही का?
मी म्हटलं, हो ना.

ती मलावीहून आलेली, मी परभणीहून.
ती मातीतले जिवाणू मोजायला शिकते,
मी माती भाजायला.
हॉस्टेलच्या रांगेत माझ्या बादलीत तिचा साबण पडला,
एवढीच ओळख.

एका संध्याकाळी पुलावर रिक्षा थांबली.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर पडलेली,
उन्हाचा शेवटचा तुकडा पाठीवर घेऊन.
लोक स्कूटर लावून, शेंगा सोलत बघत होते.
तवोंगा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.
"हिला कुणी दिलं घर?
ही काय खाते, ते विचारलं का कुणी?"
कनुभाईही हसला.
मग हसायचा थांबला.
दुसऱ्या दिवशी त्याने निजामपुऱ्यातलं घर काढलं.

तिसरा मजला. लिफ्ट नाही.
एका खोलीला कुलूप, आत मालकिणीची भांडी.
नलिनी फणसे, पाच पिढ्या बडोद्यातल्या,
मराठीतून गुजरातीत वळतात, सांधा दिसत नाही.
"जेवता काय?"
"मक्याचं पीठ. पाण्यात शिजवून, घट्ट."
"म्हणजे उकड."
"आणि मासे. वाळवलेले."
फणसेबाई जरा वेळ कठड्याकडे बघत राहिल्या.
मी 'पण'ची वाट बघत होते.
"मासे खिडकी उघडून. भाडं पाच तारखेला.
मोटर सकाळी सहाला, विसरलात तर तीन मजले बादल्या."
दया नव्हती ती. सात महिने घर रिकामं होतं,
तिसऱ्या मजल्याला निवड परवडत नाही.

परदेशी माणूस ठेवला तर फॉर्म भरावा लागतो.
कुठून आलात, कशासाठी, किती दिवस,
पुढे कुठे.
तिथे तवोंगाचं पेन थांबलं.
माझ्यासाठी तसला फॉर्मच नव्हता.
परभणी कुणी लिहून घेतली नाही.
पुढे कुठे, तेही नाही.

सामान दोन फेऱ्यांत आलं: गाद्या, शेगडी,
माझी तडा गेलेली चार मडकी,
तिची आयताकृती बॅग, जिला ती कुणाला हात लावू देईना.
आधीचे ठक्कर बल्बसुद्धा काढून घेऊन गेलेले,
दारावर नाव तेवढं ठेवून.
मोबाईलच्या उजेडात फ्रीजचे कप्पे वाटले.
वरचा तिचा, खालचा माझा,
मधला, म्हटलं, बघू.

अंधारात तिने नावाचा अर्थ सांगितला:
आम्ही आभारी आहोत.
कुणाचे?
"ते नावात नाही," ती म्हणाली, आणि कूस वळली.

सकाळी सहाला खालून आरोळी.
फणसेबाईंना ते नाव कसं ऐकू आलं होतं कोण जाणे.
"ए तवंगर! मोटर लाव, पाणी आलं!"

तीन महिने स्कॉलरशिप थकलेली तवंगर
अनवाणी धावली.
नळ आधी खोकला, मग भरून बोलायला लागला.
ती दारात उभी, कोपरापर्यंत ओली,
माझ्याकडे रोखून बघत.
"पाणी आहे की," ती म्हणाली,
"या गावात."